आज लाल गाडी काढू

भोरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा खोली शोधत मी भाताच्या एका गिरणीपाशी येऊन थांबलो. माडीवरची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. खाली इंजनाचा ठकठकाट चालला होता, कोंडा उडत होता आणि कोंड्यानं भुवयांपर्यंत पांढरे झालेले एक गृहस्थ इंजनाला कान लावून उभे होते. मी खोलीचं विचारलं. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. हात पुसत म्हणाले, "विंग्रजी वाचता येतं? फडाफडा?"

येतं म्हणालो.

"मग या वर."

वर मोरी धड नव्हती, खिडकीला कडी नव्हती, पण कोपऱ्यात इंग्रजी मासिकांची कमरेएवढी चळत होती. सगळी मोटारींच्या शर्यतींची. विलायतेहून मुंबईला आणि मुंबईहून टपालानं भोरला, अशी ती दोन-तीन महिने उशिरा यायची. चित्रं बघून बघून पानांच्या कडा काळ्या झाल्या होत्या, पण खालचा मजकूर त्यांना लागत नव्हता. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. पुढचं सगळं पुण्याला एका कारखान्यात इंजनांच्या पोटात डोकं घालून झालेलं. रोज संध्याकाळी मासिक वाचून मराठीत सांगायचं, हेच खोलीचं भाडं ठरलं. सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं. मीही म्हणू लागलो.

ही महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. भोरला तेव्हा मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. संस्थानच्या दोन-तीन, डॉक्टरांची एक, आणि एक आमच्या मालकांची.

गिरणी बंद झाली की मालक हातपाय धुऊन, डोक्याला टोपी घालून माझ्यासमोर मांडी घालत. घरात टोपी कशाला, असं मी एकदा विचारलं. शर्यतीला कुणी उघड्या डोक्यानं जातं का, असं त्यांनी मलाच विचारलं. नियम एकच होता आणि तो कडक होता: शेवट आधी बघायचा नाही. मी हळूच पुढच्या पानावर नजर टाकली की ते लगेच हात वर करत. "मास्तर, तुमी पुढं जाऊन आलात. तुमच्या आवाजात आलं ते."

फ्रान्सात एक शर्यत असते, दिवसरात्र चालणारी. ती आम्ही तीन संध्याकाळी पुरवून पुरवून वाचली. पहिल्या संध्याकाळी निळी गाडी पुढं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो तर गिरणीपाशी भात घेऊन आलेले हिर्डस मावळातले शेतकरी मालकांना विचारत होते, की निळीचं काय झालं. मालक गंभीर चेहऱ्यानं सांगत होते, की पुढं आहे, पण टायर झिजलेत, आणि रात्रीतून पाऊस लागण्याचा संभव आहे. एक म्हातारा चुकचुकला. शर्यत होऊन तीन महिने झाले होते, जिंकणारा जिंकून बक्षीस घेऊन घरी गेला होता, आणि भोरला सगळी गिरणी निळीच्या काळजीत होती. तिसऱ्या संध्याकाळी जिन्यावरच सात-आठ माणसं बसली होती. निळी हरली. काकूंनी, म्हणजे मालकांच्या पत्नीनं, सगळ्यांना चहा दिला.

मालकांच्या स्वप्नातल्या गाड्या तीन. एक ती निळी फ्रेंच, अंगानं सडपातळ. दुसरी हिरवी इंग्रज, गिरणीच्या इंजनासारखी धिप्पाड. तिसरी लाल, इटलीची. लालबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. तिन्ही त्यांनी फक्त चित्रात पाहिल्या होत्या, आणि चित्रंही काळी-पांढरी. रंग मजकुरात लिहिलेले असत, ते मीच त्यांना सांगितले होते.

खरी गाडी होती ती पुण्याच्या छावणीतल्या एका साहेबानं जाताना विकलेली, उघडी, वर कापडी टप, पुढं हँडल मारून चालू करायची. रंग पूर्वी कुठला असेल ते कळायला मार्ग नव्हता. पण दर रविवारी सकाळी मालक अंगणात उभे राहत, आभाळाकडे बघत आणि जाहीर करत, "आज हिरवी काढू." किंवा, "आज निळी." आणि मग गाडी तीच, पण चालवण्याची तऱ्हा खरोखर बदलायची. हिरवी असेल तेव्हा ते मान ताठ ठेवून, रस्त्याच्या मधून, कुणालाही वाट न देता जात. निळी असेल तेव्हा अंग चोरून बसत. लाल फार क्वचित निघायची. दसरा, पाडवा, किंवा इंजन सकाळी पहिल्याच हँडलला सुरू झालं तर. लाल म्हटलं की काकू पदर घट्ट खोचून घेत आणि मला मागच्या बाकावर दोन्ही हातांनी धरून बसायला सांगत.

आम्ही कापूरहोळला मोठ्या रस्त्याला लागायचो, नसरापूरला भजी खायचो, आणि मग पश्चिमेला वेल्ह्याच्या वाटेला वळायचो. तो रस्ता म्हणजे बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. डाव्या हाताला राजगड असायचा. काकू मालकांच्या शेजारी बसत आणि भोरचा पूल ओलांडल्यापासून त्यांचं तोंड चालू व्हायचं. पुढं बैलगाडी आहे, गवत किती भरलंय बघा मेल्यानं, उजवीकडनं जागा आहे. वळणावर बाभळ वठली वाटतं, डावीकडची. पोरं खेळतायत, हॉर्न वाजवा. आता चढ आला. मला पहिले दोन महिने वाटत होतं, की ही बाई फार बोलते. मालक एकदाही वैतागत नाहीत याचं मला नवल वाटायचं.

एका रविवारी वरव्याजवळ काकूंना ठसका लागला. करवंदाची बी अडकली असावी. त्या खोकत होत्या, आणि समोर रस्त्याच्या मधोमध एक म्हैस उभी होती. मोठी, काळी, उन्हात चमकणारी. मालक सरळ तिच्याकडे चालले होते. मी ओरडलो तेव्हा त्यांनी ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा म्हशीचं शेपूट समोरच्या दिव्याला लागत होतं. मालक पुढं वाकून म्हणाले, "काय हाय?"

म्हैस त्यांच्या नाकासमोर होती.

काकू पाणी प्यायल्या, त्यांनी डोळे पुसले आणि मग मला शांतपणे सांगून टाकलं. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. वर्ष-दीड वर्ष झालं, धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं, आणि आता तर धुकंच उरलंय. डॉक्टर म्हणाले, पिकलाय, काढून घ्या, घाटापलीकडं मिशनच्या दवाखान्यात काढतात. हे तयार नाहीत. मालक स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून समोर बघत होते. ते म्हणाले, डोळ्याला चाकू लावला आणि बिघडलं तर आहे तेवढंही जाईल. मग गाडी बंद. काकू म्हणाल्या, गाडी आजच बंद व्हायची होती, म्हशीसकट.

मी उतरून चालत परत जायचा विचार करत होतो. पण काकूंनी मालकांना पलीकडे सरकायला सांगितलं आणि नऊवारीचा काष्टा सावरून स्वतः चाकामागे बसल्या. वाटेवर दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला येतं? मालकांनीच उत्तर दिलं, "माझ्यापरीस बरं येतं. माळावर तीच चालवती. गावात सांगू नका."

माळ म्हणजे पालीच्या अलीकडचं एक मोकळं पठार, मला तोवर न दाखवलेलं. मालकांनी तिथं शर्यतीचा गोल आखला होता. चुन्यानं रंगवलेले धोंडे लावून, मासिकातल्या नकाशाबरहुकूम, एका टोकाला उंबराकडचं वळण आणि दुसऱ्या टोकाला टेकाडाकडचं. माळावर धुळाबा धनगराची मेंढरं चरायची. धुळाबा उंच, हाडापेराचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं गोल आखू दिला तो दोन अटींवर. मेंढरं टेकाडापलीकडं गेल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि भोंपू अजिबात वाजवायचा नाही, गाभण मेंढ्या बुजतात. या अटी पाळल्यावर त्यालाच गोडी लागली. पुढं पुढं तोच गोलात पडलेले दगड उचलून ठेवायचा, आणि सुरुवातीची खूण म्हणून काळी घोंगडी वर धरून खाली आपटायचा. मासिकात झेंडा असतो असं मी सांगितलं. मालक म्हणाले, झेंडा काय कुणीही हलवतो, घोंगडी दिसते कशी ते बघा. त्यांना दिसत नव्हती. पण ती हवेत फडकल्याचा आवाज त्यांना येत होता.

त्या दिवशी काकू माळावर एकट्या चार फेऱ्या मारून आल्या. मालक उंबराखाली उभे राहून फक्त ऐकत होते. गाडी टेकाडाला वळली की सांगत, वळली. गिअर उशिरा टाकला की चुकचुकत. काकू परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता आणि केसात गवत होतं. भोरच्या माजघरात पोळ्या लाटणाऱ्या काकू मी रोज बघत होतो. या वेगळ्याच होत्या.

पुढं जे झालं ते सातारा रस्त्यावरच्या धुळीमुळं झालं. नसरापूरला आम्ही भजी खात असताना पुण्याचे एक तरुण कंत्राटदार तिथं उतरले. नवी कोरी गाडी, डोक्याला हॅट, बरोबर दोन मित्र. येताना त्यांनी आमच्यावर धुळीचा लोट उडवला होता. आमची गाडी बघून त्यांनी मित्रांना विचारलं, की ही ओढायला बैल कुठं बांधलेत. मालक भजी खाली ठेवून उठले आणि आवाजाच्या दिशेनं गेले. रागानं नाही, त्यांचा चेहरा शर्यतीच्या वाचनाला बसताना व्हायचा तसा झाला होता. म्हणाले, "सायेब, गोल हाय आपल्याकडं. पुढल्या ऐतवारी या. पाच फेऱ्या."

तो माणूस हसला, पण त्याच्या डोळ्यातही चमक आली. येतो म्हणाला.

परतीच्या वाटेवर काकूच चालवत होत्या; म्हशीच्या दिवसापासून तसंच ठरलं होतं. मालक खुशीत होते. कुठल्या वळणाला काय करायचं ते सांगत होते, आणि चाक काकूंच्या हातात आहे याचा त्यांना विसर पडला होता. कापूरहोळपाशी काकूंनी गाडी कडेला घेतली. गावात शिरण्याआधी तिथं जागा बदलायची पद्धत होती. पण त्या उतरल्या नाहीत.

"ऐतवारी कोण चालवणार?" त्यांनी विचारलं.

मालक म्हणाले, मीच. तू शेजारी बसून सांग.

"म्या न्हाई सांगणार. शर्यतीत सांगायला सवड असती का? त्यो माणूस मरंल, न्हाईतर तुमी मराल." त्यांनी इंजन बंद केलं. "चालवीन तर मी चालवीन. सगळ्यांदेखत. आन मंगळवारी तुमी दवाखान्यात याल. हे कबूल असंल तर बोला, न्हाईतर त्या सायेबाला येऊ नका म्हणून सांगाया माणूस धाडा."

बायकोनं मोटार चालवणं ही गावात साधी गोष्ट नव्हती, आणि डोळ्याला चाकू लावणं ही त्यांच्या मनात त्याहून अवघड गोष्ट होती. शेवटी त्यांनी विचारलं, "टेकाडाला दुसऱ्या गिअरात घेशील?"

"घेईन."

"कबूल."

रविवारी माळावर जत्रा भरली. कुणी सांगितलं कोण जाणे, पालीची माणसं आली होती, वरव्याची आली होती, आणि वाड्यावस्त्यांवरच्या धनगर बाया पोरं कडेवर घेऊन उंबराखाली बसल्या होत्या. सकाळी अंगणात मालकांनी आभाळाकडे तोंड केलं तेव्हाच मला ठाऊक होतं ते काय म्हणणार. "आज लाल काढू," ते म्हणाले, आणि काकूंनी पदर खोचला.

पुण्याचे साहेब वेळेवर आले. चाकामागे काकूंना बघून त्यांनी मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाईंबरोबर शर्यत लावणं त्यांना बरं वाटेना. काकूंनी त्यांना विचारलं, की तुमचं इंजन तापलंय का, तापलं नसेल तर एक फेरी मारून घ्या, आम्ही थांबतो. साहेब मुकाट्यानं एक फेरी मारून आले.

मालक शेजारी बसले. विलायतेत शर्यतीच्या गाडीत मेकॅनिक बसवायचे असं आम्ही वाचलं होतं. त्यांनी ती जागा घेतली. डोक्याला टोपी, तिच्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलेलं. धुळाबानं घोंगडी वर नेली. घोंगडी खाली आली.

मी धुळाबाशेजारी उभा होतो. पहिल्याच सरळ पट्ट्यात नवी गाडी भुर्रकन पुढं गेली आणि आमची गाडी तिच्या धुळीत नाहीशी झाली. मला वाटलं, संपलं. पण उंबराकडच्या वळणावर खालून झरा पाझरतो, तिथली माती आतल्या अंगाला भुसभुशीत असते. काकूंना ते माहीत होतं, त्या बाहेरून गेल्या. साहेब आतून गेले. त्यांची मागची चाकं घसरली, गाडी आडवी झाली, आणि काकू त्यांच्या बाजूनं सुटल्या. उंबराखालच्या बाया उभ्या राहिल्या. दुसरी फेरी, तिसरी फेरी, आमची गाडी पुढं. मालकांचं तोंड सतत हलताना दिसत होतं. नंतर काकूंनी सांगितलं, की ते इंजन ऐकून फक्त "आता" आणि "थांब" एवढंच म्हणत होते, आणि त्यांचं एकही "आता" चुकलं नाही.

चौथ्या फेरीला साहेबही उंबराला बाहेरून जाऊ लागले. अंतर तुटू लागलं. शेवटच्या फेरीत टेकाडाकडून दोन्ही गाड्या जोडीनं बाहेर पडल्या तेव्हा मी धुळाबाचा दंड धरला होता आणि तो काय ओरडत होता ते त्यालाही कळत नव्हतं. आमच्या गाडीचा टप सुटून पंखासारखा मागं फडफडत होता. काकूंची पाठ ताठ होती. चुन्याचा शेवटचा धोंडा दोघांनी एकदमच ओलांडला असं मला वाटलं. धुळाबानं खाली वाकून पाहिलं होतं. त्यानं नवीकडे हात केला.

गाडी थांबली. मालकांनी मान वळवली.

"कोन?"

"ते," काकू म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

"कितीनं?"

"बैलाच्या शिंगाएवढं."

मालकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले आणि हसत सुटले. "नव्या गाडीला शिंगाएवढं! मास्तर, ऐकलं का, शिंगाएवढं!" साहेब उतरून आले होते. त्यांनी हॅट काढून काकूंना नमस्कार केला आणि उंबराकडच्या मातीबद्दल विचारलं. काकूंनी त्यांना चालत नेऊन ती जागा दाखवली. मालकांनी साहेबांच्या गाडीचं झाकण उघडायला लावलं आणि इंजनाला कान लावून तिथंच बसले.

त्या दिवशी कापूरहोळला जागा बदलली नाही. काकूंनी दिवसाढवळ्या भोरच्या पुलावरून, बाजारपेठेतून गाडी नेली. दुकानांतली माणसं फळीवर येऊन उभी राहिली. सोमवारी सकाळी चार प्रतिष्ठित मंडळी गिरणीत आली, आणि हे बरं दिसत नाही, असं बरंच काही बोलली. मालक इंजनाला तेल घालत ऐकत होते. शेवटी त्यांनी सांगितलं, की मंगळवारी ही मला दवाखान्यात नेणार आहे, मागच्या बाकावर जागा आहे, कुणाला घाटापलीकडं काम असेल तर या. कुणी आलं नाही. मी रजा काढून गेलो.

खंबाटकीचा घाट काकूंनी तोवर चाकामागे बसून कधी चढला नव्हता. पायथ्याला त्यांनी गाडी थांबवून रेडिएटरमध्ये पाणी घातलं, हात जोडले आणि निघाल्या. मालक वाऱ्याकडे तोंड करून ऐकत होते. चढात एकदा इंजन दमलं तेव्हा त्यांनी नुसता काकूंच्या हातावर हात ठेवला आणि काकूंनी गिअर खाली आणला. ते घाबरले होते, पण चढाला नाही. दवाखान्याच्या दारात ते गाडीतून उतरायला तयार होईनात. काकू पलीकडून आल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. मग ते उतरले.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन व्हायला आणि चष्मा यायला पुष्कळ दिवस गेले. त्यांना आणायलाही मी गेलो होतो. भिंगं इतकी जाड, की डोळे मोठे मोठे दिसत होते. दवाखान्याच्या पायरीवरून त्यांनी चष्म्यातून पहिल्यांदा गाडी पाहिली. भोवती फिरले. टपाचं फाटलेलं टोक, दरवाजावरचे ओरखडे, सगळं बोटानं चाचपून आणि मग डोळ्यानं पाहिलं. म्हणाले, की हिचा रंग मुळात हिरवा आहे, इथं कोपऱ्यात दिसतो. तुम्ही कुणी सांगितलं नाहीत मला.

काकूंनी त्यांना चाक दिलं. ते बसले, आणि झोकात चालवत घाटमाथ्यापर्यंत आले. चाकावरचा हात विसरलेला नव्हता. वर मोकळ्या जागेवर त्यांनी गाडी थांबवली. खाली रस्ता वळणं घेत उतरत होता, लांबवर नीरेचं पाणी चमकत होतं. काकू त्यांना सांगत होत्या, ते बघा शिरवळ. त्यांनी शिरवळ पाहिलं नाही. ते उतरले, पुढून वळसा घालून काकूंच्या बाजूला आले आणि दार उघडलं.

"का हो?" काकूंनी विचारलं. "डोळे दुखत्यात का?"

"न्हाई," मालक म्हणाले. "तू चालीव. मी तुला चालवताना कधी बघितलंच न्हाई."

काकू चाकामागे सरकल्या. मालक शेजारी बसले, पण समोर तोंड करून नव्हे. रस्त्याकडे पाठ फिरवून, दाराला टेकून, पूर्ण काकूंकडे वळून. सगळा घाट उतरेपर्यंत त्यांनी बाहेर एकदाही पाहिलं नाही.